भिंगांतून पाहिलेलीं शहरें

इसवी सन १७५४ मध्यें लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील रॉबर्ट सेअर या चित्रविक्रेत्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतींचीं सहा चित्रें छापून विक्रीस काढिलीं. त्यांपैकीं एक चित्र मुंबईचें होतें. पुढें समुद्र, समुद्रावर इंग्रजी निशाणाचीं जहाजें, आणि पाण्यापलीकडे किल्ला व त्याच्या आश्रयानें वसलेलीं घरें, असा त्या चित्राचा थाट आहे. तें कोरणारा यान व्हॅन राइन हा मूळचा नेदरलंड्सकडील. त्याचें बहुतेक आयुष्य लंडनांत गेलें. कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीसाठीं याच वसाहतींचीं सहा तैलचित्रें जॉर्ज लॅंबर्ट व सॅम्युअल स्कॉट या दोघां चित्रकारांनीं सुमारें वीस वर्षांपूर्वीं, म्हणजे १७३१-३२ च्या सुमारास, रंगविलीं होतीं; त्यांतील जमीन लॅंबर्टनें काढिली व जहाजें स्कॉटनें. व्हॅन राइनचीं चित्रें त्याच वळणाचीं आहेत. मौज अशी कीं, लॅंबर्ट व स्कॉट या दोघांपैकीं एकानेंही हिंदुस्थानचा किनारा कधीं पाहिलेला नव्हता. कोणीतरी आणून दिलेल्या नकाशांवर व टिपणांवर त्यांनीं आपली मुंबई उभी केली, आणि त्या मुंबईकडे पाहून लंडनांतील सुखवस्तु कुटुंबें, आपण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचें शहर डोळ्यांनीं पाहिलें, असें समाधान मानूं लागलीं.

हें समाधान नुसत्या कागदावरच्या चित्रानें मिळण्यासारखें नव्हतें. अशीं चित्रें भिंतीवर टांगून पाहावयाचीं नसत. तीं पाहाण्यासाठीं एक लहानसें यंत्र असे. महोगनी लांकडाचा कांतीव खांब, त्याच्या माथ्यावर तबकाएवढ्या चौकटींत बसविलेलें मोठें बहिर्गोल भिंग, आणि भिंगामागें बिजागरीवर कलता केलेला आरसा, एवढाच त्याचा संसार. उंची दीड-दोन फूट. चित्र मेजावर सपाट पसरावें, आरसा पंचेचाळीस अंशांत कलता करावा, आणि समोर बसून भिंगांतून आरशाकडे पाहावें, म्हणजे मेजावर निजलेलें शहर डोळ्यांपुढें उभें राही. दुकानदार या यंत्रास 'ऑप्टिकल डायगोनल मशीन' म्हणत. पुढें त्यास 'झोग्रास्कोप' असें एक चमत्कारिक नांव पडलें व तेंच संग्रहालयांतून रूढ झालें. चित्रांना फ्रेंच लोक 'व्ह्यू दॉप्टिक' म्हणत आणि इंग्रज 'पर्स्पेक्टिव्ह व्ह्यू'. मराठींत त्यांस भिंगचित्रें म्हटलें तर अर्थ पोंचण्यास अडचण पडूं नये.

भिंगानें चित्र मोठें दिसतें हें शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. पण या यंत्राचें मर्म मोठें दिसण्यांत नाहीं, खोल दिसण्यांत आहे. जवळची वस्तु पाहातांना मनुष्याचे दोन्ही डोळे किंचित् आंत वळतात आणि डोळ्यांतील भिंग अधिक फुगतें. दूरची पाहातांना डोळे समांतर होतात व तें भिंग चपटें होतें. या हालचालींवरून, आणि दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन प्रतिमांतील बारीक फरकावरून, मेंदूला अंतराचा अंदाज येतो. म्हणून हातभर अंतरावर धरलेलें चित्र कितीही हुबेहूब असलें, तरी हा सपाट कागद आहे अशी साक्ष डोळे निमूटपणें देतच असतात. झोग्रास्कोपांत चित्र भिंगाच्या नाभीच्या आसपास येतें. तेथून निघालेले किरण भिंगांतून बाहेर पडतांना समांतर होतात, म्हणजे कोसावरच्या वस्तूपासून यावेत तसे येतात. डोळे दूर पाहिल्याप्रमाणें स्वस्थ राहातात; कागदाचा पोत दिसत नाहीं, चित्राच्या कडा चौकटीआड जातात, आणि कागदाविरुद्ध साक्ष देणारे साक्षीदार एकामागून एक गप्प बसतात. मग चित्रांतील रस्ता खरोखरच लांब जाऊं लागतो. घरांत भिंग नसेल त्यानेंही याची प्रचीति घ्यावी. एखाद्या लांब रस्त्याचें किंवा देवळाच्या सभामंडपाचें चांगलें छायाचित्र घेऊन, एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्यापुढें मुठीची नळी करावी व चित्राच्या कडा दिसणार नाहींत अशा बेतानें पाहावें. थोड्याच वेळांत मंडपाचे खांब एकमेकांपासून सुटे होऊन मागें मागें सरल्यासारखे वाटतात.

अर्थात् कोणतेंही चित्र या यंत्राखालीं ठेवून भागत नाहीं. भिंग कागदाची साक्ष बंद करतें, पण खोलीची साक्ष चित्रानेंच द्यावी लागते. ती देण्याची विद्या युरोपांत त्यापूर्वीं तीन शतकें तयार झाली होती. सुमारें १४२० मध्यें फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पकारानें तेथील बाप्तिस्मागृहाचें चित्र एका लहान फळीवर काढून तिला छिद्र पाडलें. पाहाणारानें फळीच्या पाठीमागून छिद्राला डोळा लावावयाचा आणि समोर आरसा धरून त्यांत चित्राचें प्रतिबिंब पाहावयाचें. यथादर्शनाची, म्हणजे समांतर रेषा दूर जातां जातां एका बिंदूंत लोपतात या नियमाची, ती पहिली प्रसिद्ध परीक्षा होय. आणि तिच्यांत छिद्र होतें, आरसा होता, शहरांतील एक नांवाजलेली इमारतही होती. अठराव्या शतकांतील यंत्रांत भरीला भिंग आलें इतकेंच. हीच विद्या त्या शतकाच्या अखेरीस पुण्यासही आली होती. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या वर्षांत तेथें काम करीत होता, आणि त्याच्या सहवासांत गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारानें वेरूळच्या लेण्यांचीं जीं चित्रें काढिलीं तीं आजही पाहाणाराला थक्क करितात. पण तो स्वतंत्र विषय आहे.

यथादर्शनाचा हिशेब असा असल्यामुळें भिंगचित्रांसाठीं जागाही तशाच निवडल्या जात. सरळ रस्ते, कालवे, पूल, दोन्ही बाजूंस झाडें लावलेल्या बागांतील वाटा, खांबांच्या रांगा, चर्चचे आंतले मंडप, म्हणजे जेथें नजर धांवत दूर जाऊं शकेल तें सर्व. रोमचें सेंट पीटर, व्हेनिसचा मोठा कालवा, पॅरिसचा पाँ नफ पूल, व्हर्सायचा राजवाडा, लंडनची व्हॉक्सहॉल बाग, १७५० सालीं रहदारीस खुला झालेला वेस्टमिन्स्टरचा पूल, हीं या बाजारांतलीं हमखास खपाचीं नांवें. ज्या शहराला अशी लांब सरळ जागा नव्हती त्यालाही कोरणारा कधीं कधीं आपल्या पदरची एक बहाल करी.

हा बाजार मुख्यत: चार गांवीं भरे : लंडन, पॅरिस, जर्मनीतील ऑग्सबर्ग आणि उत्तर इटलींतील बस्सानो. लंडनांत सेअर व बोल्स घराणें. पॅरिसांत र्‍यू सेंट-जाक या रस्त्यावरचे बासे, मोंदार, शेरो वगैरे दुकानदार. ऑग्सबर्गांत गेऑर्ग बाल्टाझार प्रोब्स्ट. आणि बस्सानोस रेमोंदिनी. या रेमोंदिनी घराण्याचा कारखाना सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६१ पर्यंत चालला व त्याच्या भरभराटीच्या काळांत तेथें सुमारें हजार माणसें काम करीत. आल्प्स पर्वतांतील तेसीनो खोऱ्यांतील डोंगरी लोक त्याचीं चित्रें पाठीवर घेऊन पायीं रशियापर्यंत विकीत जात. देवादिकांच्या चित्रांबरोबर त्यांच्या गाठोड्यांत लंडन, लिस्बन व कॉन्स्टँटिनोपल हींही असत.

चित्र तयार होण्याची रीत सोपी होती. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानें व कोरणीनें रेषा काढावयाच्या, त्यावरून जाड कागदावर छाप घ्यावयाचे आणि मग ते हातानें रंगवावयाचे. रंगाला नाजुकपणा नसे. आकाश वरच्या अंगास गडद निळें व क्षितिजाकडे उतरत फिक्कें, छपरें तांबडीं, भिंती गुलाबी व पिंवळ्या, झाडें हिरवीगार. मेजावर नुसतें पसरून पाहिलें तर हें रंगकाम पोरकट वाटतें, व कितीएक टीकाकारांनीं तसें म्हटलेंही आहे. पण आरसा आणि भिंग थोडाबहुत उजेड गिळतात, आणि रंगविणाराला हें माहीत होतें. ज्या वस्तूचा उपयोग ज्या रीतीनें व्हावयाचा त्याच रीतीनें तिची परीक्षा करणें न्याय्य होय.

आरशानें आणखी एक अडचण उत्पन्न केली. आरशांत डावें उजवें होतें. म्हणून सरळ काढलेलें शहर यंत्रांतून पाहातांना उलटें व्हावयाचें. यावर उपाय म्हणून पुष्कळ चित्रें मुद्दाम उलटीं कोरलेलीं असत, आणि त्यांच्या वरच्या कांठावर शहराचें नांवही उलट्या अक्षरांत असे, म्हणजे आरशांत तें सुलटें वाचतां येई. खालच्या कांठावर मात्र सविस्तर मथळा सरळ अक्षरांत, आणि ऑग्सबर्गच्या चित्रांवर तो बहुधा लॅटिन, फ्रेंच, इटालियन व जर्मन अशा चार भाषांतून. एकच पत्रा अर्ध्या युरोपांत खपविण्याची ही व्यापारी युक्ति. परंतु उलट्या चित्रांचें सगळेंच श्रेय शास्त्राला देऊं नये. दुसऱ्याचें छापील चित्र समोर ठेवून तें जसेंच्या तसें पत्र्यावर उतरविलें, तर छाप आपोआप उलटा येतो. नक्कल करणाराला जो आळस एरव्हीं दोष म्हणून पदरीं पडला असता, तोच या धंद्यांत गुण ठरला. आणि या चौघांही बाजारांत एकमेकांचीं चित्रें न विचारतां उचलण्याची चाल इतकी सर्रास होती कीं, आळसाला संधि भरपूर मिळाली. आज इतिहासाच्या अभ्यासकानें असें चित्र हातीं घेतलें कीं प्रथम शिपायाची तलवार कोणत्या कमरेला आहे तें पाहावें. ती उजवीकडे लटकत असेल, तर नदीचा डावा तीर उजवीकडे गेलेला आहे हें समजून पुढें जावें.

श्रीमंताच्या दिवाणखान्यांत महोगनीचें यंत्र, तर रस्त्यावर लांकडी पेटी. पेटीच्या पुढच्या अंगास एक किंवा अधिक भोंकें व त्यांत भिंगें. आंत चित्रें दोऱ्यांनीं टांगलेलीं, एक वर ओढलें कीं दुसरें पुढें येई. आल्प्समधील सव्हाय प्रांतांतील गरीब लोक अशा पेट्या पाठीवर बांधून गांवोगांव हिंडत, आणि पै-पैशाला जग दाखवीत. होगार्थनें १७३३ च्या सुमारास साउथवर्कच्या जत्रेचें जें गजबजलेलें चित्र काढिलें त्यांतही असा एक पेटीवाला आपला धंदा मांडून बसलेला आहे. पेटी दाखविणारा गप्प बसत नसे. हें पाहा अमुक राजाचें नगर, ही त्याची बायको खिडकींत, असें त्याचें कथन सुरू असे. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथ्यानें एकेक पान उलटीत रामायण सांगावें, तसाच कांहींसा हा प्रकार. फरक एवढाच कीं पिंगुळीचे श्रोते कथा आधींच जाणत असत आणि सव्हायवाल्याच्या गिऱ्हाइकाला त्याचें म्हणणें तपासून पाहाण्याचें कोणतेंच साधन नव्हतें.

पेटींत आणखी एक जादू साधे. चित्रांतील खिडक्या, दिवे, चंद्र एवढेच टोंचून किंवा कापून काढावयाचे, मागून रंगीत पातळ कागद चिकटवावयाचा, आणि पेटीच्या मागच्या बाजूस दिवा लावावयाचा. पुढचा उजेड झांकून मागचा वाढविला कीं दिवसाची रात्र होई व सगळें शहर दीपोत्सवांत उजळून निघे. संग्रहालयांत आज जीं भिंगचित्रें आहेत त्यांतील कितीएकांच्या खिडक्या अशा कापलेल्या आढळतात. ऑग्सबर्गचाच मार्टिन एंगेलब्रेख्ट हा तर एका देखाव्याचीं पांच-सहा कापलेलीं पानें पेटींत एकामागें एक उभीं करून छोटें नाटकगृहच थाटून देई.

आरंभीं ही करमणूक होती; पण शतकाच्या मध्यास एक अशी घटना घडली कीं भिंगचित्र बातमीपत्राचें काम करूं लागलें. १७५५ च्या नोव्हेंबरची पहिली तारीख, सर्व संतांचा सण. सकाळच्या प्रार्थनेसाठीं लिस्बनमधील चर्चें भरलीं असतां भूकंप झाला; त्यापाठोपाठ समुद्र शहरांत शिरला, आणि सणासाठीं पेटविलेल्या मेणबत्त्यांपासून लागलेली आग कित्येक दिवस विझली नाहीं. त्याच वर्षीं मोठ्या थाटानें उघडलेलें राजाचें ऑपेरागृह जेमतेम सात महिने उभें राहिलें. युरोपभर या बातमीनें जो हादरा बसला तो तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून सर्वांस परिचित आहे. सामान्य माणसानें मात्र तो पेटीच्या भोंकांतून पाहिला. १७५७ मध्यें पॅरिसच्या ल बा या कोरक्यानें लिस्बनच्या अवशेषांचीं सहा चित्रें प्रसिद्ध केलीं. तीं प्रत्यक्ष लिस्बनांत काढलेल्या रेखनांवरून केलेलीं होतीं, म्हणून त्यांत ऑपेरागृहाच्या पडक्या भिंती, मोडक्या कमानी हें सर्व विश्वासाला पात्र आहे. भिंगचित्रवाल्यांनीं तीं लगोलग उचललीं. परंतु दुसऱ्या कितीएकांना एवढा दमही नव्हता. त्यांनीं भूकंपापूर्वींचें एखादें जुनें लिस्बन घेतलें, मनोरे तिरपे केले, खालीं पळणारीं माणसें व वर धूर घातला आणि बातमी विकली. भिंगांतून दोन्ही सारखींच खरीं दिसत.

याच वळणाचें टोंक म्हणजे ऑग्सबर्गच्या फ्रान्झ झाव्हर हाबरमानचीं अमेरिकेचीं चित्रें. १७७६ च्या सुमारास अमेरिकन वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध उठाव केला, आणि बोस्टन, न्यूयॉर्क, क्वेबेक हीं नांवें युरोपांत सर्वांच्या तोंडीं झालीं. हीं शहरें कशीं दिसतात हें लोकांना पाहावयाचें होतें. हाबरमान अमेरिकेस गेलेला नव्हता आणि जाण्याचा त्याचा विचारही नसावा. त्यानें बोस्टनचा किंग स्ट्रीट कोरला तो ऑग्सबर्गच्या ओळखीच्या घरांनीं : उंच दगडी इमले, कोरीव दरवाजे, फरसबंद चौक. विटांच्या व लांकडी घरांचें खरें बोस्टन त्यांत शोधूं गेल्यास मिळत नाहीं.

त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र न्यूयॉर्कच्या राजपुतळ्याचें. ९ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविल्यावर जमावानें बोलिंग ग्रीन या चौकांतील तिसऱ्या जॉर्जचा पुतळा दोर लावून पाडिला. पुतळा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला, १७७० सालीं उभारलेला, आणि घोड्यावर बसलेल्या राजाचा होता. त्या शिशाच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या, असा हिशेब नमूद आहे. हाबरमानच्या चित्रांत राजा आपल्या दोन पायांवर उभा आहे. घोड्याचा पत्ता नाहीं. भोंवतीं युरोपांतील एखाद्या राजधानीला शोभतील असे वाडे. पॅरिसच्या बासेनें हें चित्र लगेच उचलून फ्रान्सांत खपविलें. आणि यापुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी. त्या प्रसंगाचें दुसरें समकालीन म्हणतां येईल असें चित्र सहज हाताशीं नसल्यामुळें, अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून पुढें दोन शतकें हेंच चित्र छापलें जात आलें आहे. मजकुरांत घोडा असावा व शेजारच्या चित्रांत नसावा, अशीं पानें विद्यार्थ्यांनीं बिनतक्रार उलटलीं.

येथें हाबरमानला लबाड ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तो पुरता न्याय नव्हे. त्याच्या काळच्या गिऱ्हाइकाला शहराचें चित्र म्हणजे त्या शहराच्या नांवाला शोभेल असा देखावा एवढीच अपेक्षा बहुधा पुरत असे. जुन्या बखरींतील लढाईच्या वर्णनांत हत्ती-घोड्यांचे आंकडे ज्या हिशेबानें येतात, त्याच हिशेबानें हाबरमानचे वाडे आले आहेत. दोष असेल तर तो भिंगाच्या अंगीं. बखर वाचणारा मनुष्य, हें कोणीतरी सांगितलेलें आहे, हें विसरत नाहीं. भिंगांतून पाहाणारा विसरतो. त्याला विसरावयास लावण्यासाठींच तें यंत्र केलेलें आहे.

या चित्रांचा प्रवास पूर्वेकडेही झाला, आणि तेथें डाव उलटला. जपानांत त्या वेळीं नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर डच व्यापाऱ्यांशिवाय दुसऱ्या युरोपियनांस थारा नव्हता. त्यांच्या मालांतून यंत्र व चित्रें जपानी बाजारांत पोंचलीं. क्योटोंतील मारुयामा ओक्यो, जो पुढें त्या देशाचा थोर चित्रकार म्हणून नांवारूपास आला, तो तरुणपणीं एका खेळण्यांच्या दुकानदारासाठीं अशीं चित्रें काढी. त्यानें १७५९ च्या सुमारास क्योटोच्या सांजूसांगेन्दो या अतिशय लांब देवालयांतील तिरंदाजीचा देखावा काढिला आहे. त्या देवालयाची लांबच लांब पडवी जणूं भिंगासाठींच बांधलेली असावी. १७८३ मध्यें शिबा कोकान यानें आम्लानें कोरलेलें पहिलें जपानी ताम्रपट-चित्र तयार केलें, तें एदो शहरांतील नदीकांठच्या मिमेगुरीचें. आणि तें यंत्रांतून पाहाण्यासाठीं उलटें कोरलेलें होतें. तिसरा उतागावा तोयोहारू. त्याच्या हातीं व्हेनिसच्या मोठ्या कालव्याचें चित्र लागलें. कानालेत्तोच्या चित्रांवरून व्हिसेंतिनीनें कोरलेल्या मालिकेंतलें तें चित्र. तोयोहारूनें तें लांकडी ठशांवर सुरेख उतरविलें आणि मथळ्यांत त्याला डच लोकांचें एक बंदर करून टाकलें. ज्याप्रमाणें ऑग्सबर्गांत बोस्टन जर्मन झालें, त्याप्रमाणें एदोंत व्हेनिस डच झालें. मात्र तोयोहारूच्या हातून जपानी ठसेचित्रांत जी खोली आली, तिच्यावर पुढच्या पिढीच्या निसर्गचित्रकारांनीं आपलीं घरें बांधलीं.

इतकीं खोटीं शहरें पाहिल्यावर हीं चित्रें इतिहासाच्या कामाचीं नाहींत असें कोणी म्हणेल, तर तेंही घाईचें होईल. लंडनच्या रॅनेलाघ बागेंतील गोल सभागृह १७४२ सालीं उघडलें व १८०५ मध्यें पाडलें गेलें. व्हॉक्सहॉल बाग १८५९ सालीं कायमची बंद झाली. अठराव्या शतकांतील वेस्टमिन्स्टर पुलाच्या जागीं १८६२ मध्यें दुसरा आला. त्या वेळचें रॉयल एक्स्चेंज १८३८ च्या जानेवारींत जळालें. या जागा आज पाहावयाच्या असतील, तर ज्यांच्याकडे जावें लागतें त्यांत भिंगचित्रें आहेत. कारण लंडनचा कोरक्या लंडन कोरतांना हाबरमान होऊं शकत नव्हता. गिऱ्हाईक दुकानांतून बाहेर पडून चार पावलांवर तो पूल स्वत: पाहाणार होतें. चित्र जितकें दुरून विकलें तितकें सैल, हा येथला सर्वसाधारण नियम. त्याला अपवाद एवढाच कीं, मुळांत कोणीतरी त्या जागीं बसून रेखन केलेलें असेल तर तें दूर जाऊनही टिकतें. लिस्बनचें तसें झालें. म्हणून अभ्यासकाला चित्राचा बाप, आजा, पणजा असा वंश मागें शोधीत जावा लागतो, आणि मूळपुरुष त्या शहरांत गेला होता कीं नाहीं तेथें निकाल लागतो.

भिंगचित्रांची सद्दी सुमारें साठ-सत्तर वर्षें चालली. १७८७ मध्यें रॉबर्ट बार्कर यानें वर्तुळाकार भिंतीवर चहूं बाजूंनीं शहर रंगविण्याच्या युक्तीचा हक्क नोंदविला, व १७९३ मध्यें लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ त्यासाठीं खास इमारत उघडली. ज्याला शहराच्या मधोमध उभें राहातां येतें तो भिंगापुढें बसेल कशाला? मग आला दागेरचा डायोरामा, त्यानंतर १८३९ मध्यें त्याचेंच छायाचित्र, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर दोन डोळ्यांसाठीं दोन चित्रें दाखविणारा स्टिरिओस्कोप घरोघर गेला. महोगनीचीं यंत्रें माळ्यावर गेलीं. पेटी मात्र जिवट निघाली. जत्रेंत पेटीच्या भोंकांना डोळे लावून ओणवीं झालेलीं मुलें आणि वर उभा राहून गात गात आग्रा-दिल्ली दाखविणारा पेटीवाला, हें दृश्य महाराष्ट्रांतील कितीएक पिढ्यांनीं पाहिलें आहे.

राहातां राहिली ती सेअरची मुंबई. १७३१-३२ च्या वळणावर केलेलें तें चित्र १७५४ सालीं लंडनांत नवें म्हणून विकलें जात असतां, खऱ्या मुंबईवर काय काय गुजरलें होतें? १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पानें वसई जिंकली. साष्टी मराठ्यांच्या हातीं गेलीच होती. मुंबई बेट व मराठी राज्य यांच्या मध्यें आतां एक खाडीच काय ती उरली. मुंबईकर इंग्रजांचें धाबें दणाणलें. त्यांनीं कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजीकडे बोलणें करण्यास धाडिलें व कॅप्टन गॉर्डन यास शाहू महाराजांकडे साताऱ्यास. आणि इकडे किल्ल्याच्या तटाबाहेर खंदक खणावयास घेतला. त्या खंदकासाठीं मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. १७४३ च्या सुमारास तें काम पुरें झालें. पुढें शंभराहून अधिक वर्षें तो खंदक शहराची हद्द होता. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दींत तट पाडिले व खंदक बुजविला तेव्हां ती हद्द संपली.

सेअरच्या चित्रांत यांतलें कांहींच नाहीं. तें समुद्राकडून काढलेलें असल्यामुळें जमिनीच्या बाजूचा खंदक त्यांत एरव्हींही दिसला नसता, हें कबूल केलें पाहिजे. पण वसईची बातमीही त्यांत नाहीं, आणि ती वर्गणी देणारे लोकही नाहींत. पाणी शांत आहे, जहाजें ऐटींत नांगरलेलीं आहेत, आणि किल्ला जणूं कोणाचेंच भय नसल्यासारखा उन्हांत स्वस्थ बसला आहे. लंडनच्या दिवाणखान्यांत भिंगापुढें बसलेल्या कुटुंबानें मुंबई पाहिली ती अशी.